मृत्यूचं कारण : नैसर्गिक

आजचा भाग एका शब्दावर आहे. शब्द साधा आहे, 'नैसर्गिक'.

२०१० नंतरच्या दहा वर्षांत कतारमधून नेपाळला शेकडो शवपेट्या आल्या. पेटीसोबत कागद यायचा आणि त्यात मृत्यूच्या कारणाचा एक रकाना असायचा. कुठे लिहिलेलं 'नैसर्गिक मृत्यू', कुठे 'हृदयविकाराचा झटका', कुठे 'हृदयक्रिया बंद पडली'. आता थोडा विचार करा. माणूस कशानेही गेला तरी शेवटी त्याचं हृदय बंद पडतंच. म्हणजे त्या रकान्यात माणूस मेला एवढंच लिहिलेलं होतं, का मेला ते नव्हतं. आणि ही सगळी माणसं बहुतेक पंचवीस ते पस्तीस वयाची. परदेशी जाण्याआधी मेडिकल द्यावी लागते, ती पास झालेली. धडधाकट होती म्हणूनच तर निवडलेली.

या शब्दामागे पैशाचा हिशोब होता. कामामुळे मृत्यू झाला तर मालकाने नुकसानभरपाई द्यायची, असं कतारचा कामगार कायदा सांगतो. नैसर्गिक मृत्यू झाला तर कोणी काही देणं लागत नाही. चौकशी नाही, शवविच्छेदन नाही. तिकडे शवविच्छेदनावर कायद्याचीच बंधनं होती. गुन्ह्याचा संशय वगैरे ठरावीक कारणं असतील तरच ते व्हायचं. रात्री खोलीत झोपलेला मुलगा सकाळी उठला नाही, की कागद तयार, पेटी तयार, विमान तयार.

तो शब्द खरा आहे की नाही हे तपासायचं काही अभ्यासकांनी ठरवलं. त्यांची गोष्ट आज सांगतो. त्यांच्या हाती काय होतं? मृत्यूंची एक सरकारी यादी आणि हवामानाच्या नोंदी. बस. इतक्या साध्या साहित्यात एवढं मोठं काम झालेलं मी तरी फार कमी वेळा वाचलंय.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

नेपाळी भाषेत एक शब्द आहे, 'लाहुरे'. मूळ अर्थ लाहोरला गेलेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपाळच्या डोंगरातली पोरं महाराजा रणजितसिंगांच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जायची. पुढे इंग्रजांची गुरखा पलटण आली, लाहोर मागे पडलं, शब्द मात्र राहिला. घर सोडून पैसा कमवायला लांब गेलेला तो लाहुरे. आपल्याकडे कोकणात मुंबईला गेलेल्याला चाकरमानी म्हणतात ना, तसंच काहीसं. गावाला त्याचा अभिमानही असतो आणि त्याच्या मनीऑर्डरवर घरही चालत असतं.

आखाती देशांकडची मोठी रांग त्यामानाने अलीकडची. १९८५ मध्ये नेपाळने परदेशी रोजगाराचा पहिला कायदा केला. १९९० च्या लोकशाही आंदोलनानंतर पासपोर्ट मिळणं सोपं झालं. मग १९९६ ते २००६ ही माओवादी संघर्षाची दहा वर्षं. गावात राहिलं तर एका बाजूने बंडखोर, दुसऱ्या बाजूने लष्कर. तरुण मुलगा घरात ठेवण्यापेक्षा कर्ज काढून त्याला बाहेर धाडलेलं बरं, असं आईबापांना वाटायला लागलं. २००१ मध्ये डेव्हिड सेडन, जगन्नाथ अधिकारी आणि गणेश गुरुंग या तिघांनी या माणसांवर पुस्तक लिहिलं आणि त्याला नावच दिलं 'द न्यू लाहुरेज'. नवे लाहुरे. घरी येणारा पैसा सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे त्यांनी दाखवलं. तोवर काठमांडूतल्या अर्थतज्ज्ञांच्या लेखी ही माणसं जवळजवळ नव्हतीच. पुढे तर अशी वेळ आली की देशाच्या एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याएवढा पैसा बाहेरून यायला लागला. २०१३-१४ या एका वर्षात पाच लाखांहून जास्त श्रम-परवाने दिले गेले. नेपाळची लोकसंख्या तीन कोटींच्याही आत, हे लक्षात घेऊन तो आकडा बघा.

आणि जाणारा माणूस फुकट जात नाही. एजंटला पैसे द्यावे लागतात, ते गावच्या सावकाराकडून उचलायचे. वर्षाला तीस-छत्तीस टक्के व्याज ही तिथली नेहमीची गोष्ट. पहिलं वर्ष-दीड वर्ष नुसतं कर्ज फेडण्यात जातं. त्याच काळात माणूस गेला तर घरी पेटी येते आणि व्याज चालू राहतं. 'नैसर्गिक' या शब्दाचं वजन किती ते इथे कळतं.

आता त्या यादीकडे येऊ.

२००७ मध्ये नेपाळने परदेशी रोजगाराचा नवा कायदा केला. त्यातून वैदेशिक रोजगार बोर्ड उभं राहिलं. परदेशी जाणारा प्रत्येक कामगार एका कल्याण निधीत थोडे पैसे भरतो आणि तो बाहेर दगावला तर त्या निधीतून कुटुंबाला मदत मिळते. मदत द्यायची तर नोंद हवी. कोण, कुठल्या जिल्ह्यातला, कुठल्या देशात, कुठल्या तारखेला, कशाने. या बोर्डाच्या कारकुनांनी वर्षानुवर्षं ही वही भरली. संशोधन करायचं म्हणून नव्हे. चेक फाडायचा म्हणून. पण त्यामुळे जगात फारशी कुठे नसलेली गोष्ट नेपाळकडे तयार झाली, आपल्या परदेशी मेलेल्या माणसांची तारीखवार यादी. त्या दशकाच्या मध्यावर वर्षाला आठशे ते हजाराच्या घरात नोंदी होत्या, सगळे देश मिळून. दिवसाला दोन-तीन पेट्या. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर एका दारातून नवीन पोरांच्या झुंडी आत जातात, गळ्यात घरच्यांनी घातलेल्या माळा, आणि दुसऱ्या दारातून पेट्या बाहेर येतात. त्यावर नेपाळी पत्रकारांनी इतकं लिहिलंय की तिथल्या वाचकाला ते आता ओळखीचं झालंय.

डिसेंबर २०१० मध्ये फिफाने २०२२ चा वर्ल्डकप कतारला दिला आणि जगाचं लक्ष तिकडे वळलं. सप्टेंबर २०१३ मध्ये 'द गार्डियन'ने दोह्यातल्या नेपाळी दूतावासाची कागदपत्रं मिळवून बातमी छापली. ४ जून ते ८ ऑगस्ट २०१३ या दोन महिन्यांत ४४ नेपाळी कामगार मेले होते. तारखा बघा, भर उन्हाळा. नेपाळमधली जीफॉन्ट ही कामगार संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार महासंघ यांनी आवाज उठवला. कतार सरकारनेच नेमलेल्या डीएलए पायपर या वकिली कंपनीने २०१४ च्या अहवालात स्पष्ट शिफारस केली : हृदयक्रिया बंद पडून होणाऱ्या मृत्यूंचा स्वतंत्र अभ्यास करा आणि अचानक मृत्यू झाला तर शवविच्छेदनाला परवानगी द्या. तो अभ्यास सरकारने लगोलग करायला घेतला असता तर आजचा हा भाग वेगळा झाला असता.

अभ्यास झाला, पण दुसरीकडून. काठमांडूच्या त्रिभुवन विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या बंदना प्रधान, भूगोलाचे जाणकार पुष्कर प्रधान आणि त्यांचे नेपाळी सहकारी. सोबत टॉर्ड शेलस्ट्रॉम, स्वीडिश शास्त्रज्ञ, जागतिक आरोग्य संघटनेत पर्यावरण आणि आरोग्याचं काम सांभाळलेले. उष्णतेत काम करणाऱ्या माणसाच्या शरीराचं काय होतं, या एका प्रश्नावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. आणि ऑस्लोचे हृदयरोगतज्ज्ञ डॅन आतार. यांचा शोधनिबंध २०१९ मध्ये 'कार्डिऑलॉजी' या नियतकालिकात आला.

त्यांनी केलं काय? २००९ ते २०१७ या नऊ वर्षांतले कतारमधल्या नेपाळी कामगारांचे मृत्यू घेतले, तेराशेहून जास्त. प्रत्येकाची तारीख आणि कारण. दुसऱ्या बाजूला दोह्याच्या हवामान केंद्राच्या नोंदी. आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून बघितलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळं त्यावर उभं आहे. तुमच्या फोनवर दिसतं ते तापमान माणसाच्या शरीराला काय सोसावं लागतंय ते सांगत नाही. नागपूरला मे महिन्यात ४५ अंश असतात, माठातलं पाणी गारेगार असतं. रत्नागिरीला त्याच दिवशी ३४ अंश, पण दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, अंगावरचा घाम निथळतो पण सुकत नाही, आणि माठही तितका गार होत नाही. माठ आणि माणूस दोघं एकाच युक्तीवर गार होतात. पाणी बाहेर येतं, हवेत उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं. हवेत आधीच दमटपणा असला की पाणी उडत नाही. युक्ती फसते.

म्हणून शास्त्रज्ञ तीन तापमापक वापरतात. एकाच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळलेलं, म्हणजे तो छोटा माठच. दुसरा काळ्या पोकळ गोळ्याच्या आत, तो उन्हाची धग मोजतो. तिसरा आपला नेहमीचा, सावलीतला. तिघांचं मिळून एक माप काढतात. त्यात ओल्या फडक्याला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्याला २०, आणि आपण रोज बघतो त्या साध्या तापमानाला फक्त १०. हे माप १९५० च्या दशकात अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षण छावण्यांसाठी तयार झालं, कारण कवायत करता करता तरुण, तगडे रंगरूट उष्माघाताने मरत होते. तिथेही कुणीतरी म्हणालंच असेल, पोरगा कच्चा निघाला. माप आल्यावर कवायतीचे नियम बदलले.

दोहा वाळवंटात असलं तरी समुद्राकाठी आहे. म्हणजे नागपूरचं ऊन आणि रत्नागिरीचा घाम, दोन्ही एकत्र. त्यात बांधकामाचं काम, डोक्यावर हेल्मेट, अंगभर जाड कपडे, पायात बूट.

आता निकाल. थंडीच्या महिन्यांत झालेल्या मृत्यूंपैकी २२ टक्के हृदयाच्या कारणाने झालेले. उन्हाळ्याच्या महिन्यांत तेच प्रमाण ५८ टक्के.

हे दोन आकडे हवं तर लिहून ठेवा. एरवी जगभर हृदयविकाराचे मृत्यू थंडीत वाढतात, थंड हवेने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून. इथे चित्र उलटं. आणि हृदय जर 'नैसर्गिक'रीत्या बंद पडत असेल, तर त्याला जून आणि जानेवारी यातला फरक कसा कळतो?

शरीरात होतं ते असं. उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं. काम चालू असल्याने स्नायूही रक्त मागतात. घामातून पाणी आणि क्षार गेल्याने रक्तच कमी झालेलं. म्हणजे कमी मालावर दोन गिऱ्हाइकं, आणि हृदयाने दुप्पट वेगाने धावायचं. हे एक दिवस नाही, आठवड्याचे सहा दिवस. त्यात राहायची खोली कोंदट असेल तर रात्रीही शरीर गार होत नाही. मग पहाटे कधीतरी, झोपेत. उन्हात कोसळला असता तर निदान उष्माघात लिहिला गेला असता. खाटेवर गेला म्हणून नैसर्गिक.

या अभ्यासात मृत्यूंचा हिशोब मांडलाय. हृदयाच्या कारणाने झालेल्या ५७१ मृत्यूंपैकी जास्तीत जास्त २०० टाळता आले असते, उन्हापासून संरक्षणाची नीट व्यवस्था असती तर. सावली, पाणी, विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास. याला कुठलं महागडं औषध लागत नाही.

आक्षेप येणारच होते आणि मला ते आक्षेप महत्त्वाचे वाटतात, कारण त्यातले सगळेच काही बनावट नव्हते. एक असा की आशियातल्या काही लोकांत हृदयाची लय बिघडण्याचा आनुवंशिक दोष असतो आणि धडधाकट तरुण झोपेत जातो. हे खरं आहे. १९८० च्या दशकात सिंगापूरमध्ये थाई बांधकाम कामगारांचे असे कितीतरी मृत्यू झाले होते. पण मग दोष बारा महिने अंगात असताना माणसं उन्हाळ्यात जास्त का जातात, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. दुसरा आक्षेप, ही डोंगरातली माणसं, यांना उन्हाची सवय नाही. हा आक्षेप ऐकून मला हसू आलं. कतारला जाणाऱ्या नेपाळींमध्ये धनुषा, सिराहा, महोत्तरी या जिल्ह्यांचे लोक मोठ्या संख्येने आहेत. हे तराईतले, बिहारला लागून असलेले सपाट, तापट जिल्हे. मैथिली बोलणारी, आयुष्यभर भर उन्हात भातशेती केलेली माणसं. नेपाळी म्हटलं की बर्फ आणि टोपी डोळ्यांसमोर येते, तो आपला दोष.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा. मृत्यूचे दाखलेच जर विश्वासाचे नसतील तर त्यांच्यावर बेतलेला अभ्यास किती विश्वासाचा? बरोबर आहे. त्या २०० या आकड्यावर कुणी वाद घातला तर मी त्याच्याशी भांडणार नाही. पण दाखले चुकीचे असतील तर ते थंडीत एका पद्धतीने आणि उन्हाळ्यात दुसऱ्या पद्धतीने का चुकावेत? अभ्यासाची खरी ताकद आकड्यापेक्षा त्या तफावतीत आहे.

याच २०१९ च्या उन्हाळ्यात आणखी एक टीम प्रत्यक्ष कतारमध्ये होती. ग्रीसमधल्या थेसाली विद्यापीठाचे आंद्रेआस फ्लुरिस आणि सहकारी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि कतारच्या श्रम मंत्रालयाने त्यांना बोलावलं होतं. २०१४ मध्ये कतारविरुद्ध श्रम संघटनेकडे तक्रार झाली, ती २०१७ मध्ये मिटली ती सुधारणांच्या अटीवर, आणि दोह्यात संघटनेचं कार्यालय उघडलं. म्हणजे ग्रीक शास्त्रज्ञांना साइटवर जाऊन कामगारांच्या शरीराचं तापमान मोजता आलं, ते त्या भांडणामुळे. संघटनांनी दार ढकललं, मग अभ्यासक आत गेले. काठमांडूच्या टीमला हे दार मिळालं नव्हतं. त्यांनी पेट्यांच्या यादीवरून काम केलं.

मे २०२१ मध्ये कतारने नियम बदलला. जुना नियम २००७ चा : १५ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी साडेअकरा ते दुपारी तीन उघड्यावर काम बंद. कागदावर बरा दिसतो, पण ओल्या फडक्याचं माप घेऊन बसलं की कळतं, सकाळी दहालाही धोका होताच आणि सप्टेंबरातही होता. नवा नियम : १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन बंद. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या तीन तापमापकांचं माप ३२.१ च्या वर गेलं की घड्याळात कितीही वाजलेले असोत, काम थांबवायचं. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी. उष्णतेचा त्रास होतोय असं वाटलं तर काम थांबवायचा हक्क कामगाराला. श्रम संघटनेने नंतर चार दवाखान्यांचे आकडे दिले. उष्णतेच्या त्रासाने आलेले रुग्ण २०२० च्या उन्हाळ्यात १,५२०, २०२१ मध्ये ६२०, २०२२ मध्ये ३५१. त्यात इतरही कारणं मिसळलेली असतील, तरी मला हे आकडे सोडून देण्यासारखे वाटत नाहीत.

मानवी हक्कवाल्यांचं म्हणणं, एवढ्याने भागत नाही. काम किती जड, त्यानुसार दर तासाला किती मिनिटं विश्रांती, हे नियमात यायला हवं. आणि जुनी प्रकरणं? ऑगस्ट २०२१ मध्ये अॅम्नेस्टीने यावर अख्खा अहवाल काढला, की मृत्यूंची चौकशीच होत नाही. नियम बदलला तो पुढच्यांसाठी. मागच्यांच्या कागदावरचा शब्द तसाच राहिला. आणि घरच्या कर्जाची वहीही.

एक गंमत बघा, कडू गंमत. उन्हाळ्यात फुटबॉल खेळणं खेळाडूंना धोक्याचं आहे हे फिफाला २०१५ मध्येच पटलं होतं. वर्ल्डकप जून-जुलैमधून काढून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेला. ज्यांनी मैदानं बांधली त्यांचा नियम बदलायला आणखी सहा वर्षं गेली.

आता व्हॉट्सअॅप आणि इन्स्टावर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला तो आकडा, 'स्टेडियम बांधताना ६,५०० मजूर मेले'. तो तसा नाही. फेब्रुवारी २०२१ मधली 'गार्डियन'ची मूळ बातमी अशी होती की वर्ल्डकप मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका आणि पाकिस्तान या पाच देशांचे साडेसहा हजारांहून जास्त प्रवासी कामगार कतारमध्ये मेले. सगळ्या कारणांनी, सगळ्या कामांतले. त्यात ड्रायव्हर आले, माळी आले, घरकामगार आले. कतारने लगेच उत्तर दिलं, लाखो लोक राहतात, काही मरणारच. आणि स्टेडियमपुरतं विचाराल तर आयोजक म्हणाले ३७, त्यातले कामामुळे फक्त तीन. एकीकडे साडेसहा हजार, दुसरीकडे तीन! मोठा आकडा ओरडून सांगितला की समोरच्याला त्यातली एक फट सापडते आणि तो तिथूनच निसटतो. थंडी-उन्हाळ्याची तुलना केली की तशी फट राहत नाही. लोक किती राहतात, तरुण किती, हे सगळं दोन्ही ऋतूंत तेच असतं. बदलते ती फक्त हवा. आंदोलनासाठी शेअर करायला ६,५०० सोपा आहे, मान्य. पण सोशल मीडियावर फारसा न फिरलेला तो २२ आणि ५८ चा हिशोब मला जास्त भारी वाटतो.

त्या साडेसहा हजारांत भारताचे किती? २,७११. पाचही देशांत सर्वात जास्त. नेपाळचे १,६४१. आखातात गेलेले आपले लोक, त्यात रत्नागिरी-रायगडमधले कितीतरी, त्याच उन्हात होते. या आकड्यांवर आपल्याकडे किती चर्चा झाली, ते तुम्हीच आठवून बघा.

शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या गेटवरचाच आहे. मुंबई-पुण्यातल्या सोसायटीत रात्रपाळीला उभा असलेला नेपाळी वॉचमन. त्याला सगळे 'बहादूर' म्हणतात, त्याचं नाव काहीही असो. त्याची नोंद त्या बोर्डाच्या वहीत होत नाही. भारतात यायला नेपाळीला श्रम-परवाना लागत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्ही देशांचे लोक एकमेकांकडे मोकळेपणाने येऊन राहू शकतात, काम करू शकतात. गरिबातल्या गरिबाला हीच वाट परवडते, कारण एजंट नाही, विमान नाही, लाखाचं कर्ज नाही. नेपाळच्या सुदूर पश्चिमेतल्या डोटी, अछाम या जिल्ह्यांतून माणसं पिढ्यान् पिढ्या इकडे येतायत. पण परवाना नाही म्हणून कल्याण निधी नाही, निधी नाही म्हणून चेक नाही, आणि चेक फाडायचा नसल्याने कारकुनाने वही भरायचंही कारण नाही. यांच्यावर अभ्यास झालेच नाहीत असं नाही. सुझान थिमे यांनी दिल्लीतल्या सुदूर पश्चिमी नेपाळींवर २००६ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यांच्या कर्जाच्या आणि भिशीच्या व्यवहारांसकट. डोटीत मुंबईहून परतलेल्या पुरुषांच्या एचआयव्हीवर अभ्यास झाले. पण कतारच्या मृत्यूंसाठी जी गोष्ट हाताशी होती, एकेका माणसाची तारीख, ती इथे नाही.

बंदना प्रधान यांच्या टीमसारखं काम उद्या मुंबई-ठाण्यातल्या नेपाळी कामगारांवर करायचं म्हटलं, तर हवामानाच्या नोंदी मिळतील. कुलाबा आणि सांताक्रूझच्या रोजच्या आहेतच. माणसांची यादी कुठून आणायची, तिथेच गाडी अडेल.

तो १९५० चा करार झाला कसा, कुणाला काय हवं होतं आणि त्यातलं सातवं कलम आजही कसं चालतं, ते पुढच्या भागात. भेटू.